नंबरप्लेट एका राज्याची, रस्ता दुसऱ्या राज्याचा: अमेरिकेत राज्याची हद्द ओलांडताना कुठले नियम पाळायचे?

लायसन्स न्यू जर्सीचं, गाडीची प्लेट फ्लोरिडाची आणि गाडी उभी आहे न्यूयॉर्कमधल्या सिग्नलला. मग नियम कुठले लागू? चाकं ज्या राज्याच्या रस्त्यावर आहेत, त्या राज्याचे. ‘आमच्या राज्यात हे चालतं’ हा बचाव पोलिसापुढे टिकत नाही आणि कोर्टातही टिकत नाही.

भारतातून नव्याने आलेल्या माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो. आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९८८ हा देशभर एकच आहे. अमेरिकेत मात्र वेगमर्यादा, फोन, सीट बेल्ट, काचेची फिल्म, स्कूल बस या सगळ्याचे कायदे प्रत्येक राज्य स्वतः करतं, आणि त्यावर काही शहरांचे आपापले नियम असतात. रस्ता सलग असतो, ‘वेलकम’ची एक पाटी मागे जाते आणि कायदा बदललेला असतो.

आधी हे वेगळं करा: सोबत काय येतं, काय येत नाही

तुमच्या राज्याची कागदपत्रं दुसरी राज्यं मानतात. तुम्ही पाहुणे असाल तोवर लायसन्स, रजिस्ट्रेशन आणि गाडीची वार्षिक तपासणी घरच्या राज्याची चालते. फ्लोरिडा आणि पेनसिल्व्हेनिया गाडीला फक्त मागची प्लेट देतात, न्यूयॉर्क पुढे-मागे दोन्ही मागतं. तरी फ्लोरिडाची गाडी एका प्लेटवर न्यूयॉर्कमध्ये बिनधास्त फिरू शकते, कारण प्लेट किती लावायच्या हे प्लेट देणारं राज्य ठरवतं.

गाडी चालवण्याची पद्धत मात्र पूर्णपणे स्थानिक कायद्याने ठरते. गाडीवर बसवलेल्या काही गोष्टींनाही हेच लागू होतं, आणि फसगत होते ती इथेच. काचेवरची काळी फिल्म घ्या. पुढच्या बाजूच्या काचांमधून फ्लोरिडात किमान २८ टक्के उजेड आत यावा लागतो, टेक्सासात २५ टक्के, न्यूयॉर्कमध्ये ७० टक्के. फ्लोरिडात पूर्णपणे कायदेशीर असलेली फिल्म न्यूयॉर्कमध्ये तिकिटाचं (म्हणजे दंडाच्या चलनाचं) कारण ठरते, कारण तिथला कायदा त्या रस्त्यावर चालवल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीला लागू आहे, तिची नोंदणी कुठलीही असो. दक्षिणेकडून सेकंडहँड गाडी घेऊन ईशान्येकडे जाणार असाल, तर पुढच्या काचांची फिल्म आधी मोजून घ्या आणि गरज असेल तर काढून टाका.

रडार डिटेक्टरचंही तसंच. बहुतेक राज्यांत खासगी गाडीत तो चालतो; व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन डीसीमध्ये त्यावर बंदी आहे. व्हर्जिनियात शिरण्यापूर्वी तो नुसता बंद करून भागत नाही. वायर काढून, हात पोचणार नाही असा डिकीत ठेवा. कॅलिफोर्नियात विंडशील्डवर फोनचा स्टँड मनाला येईल तिथे लावता येत नाही: प्रवाशाच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात सात इंचांचा चौकोन, किंवा ड्रायव्हरच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात पाच इंचांचा, एवढीच जागा.

निघण्याआधी

लायसन्स, रजिस्ट्रेशन कार्ड आणि इन्शुरन्स कार्ड या तिन्ही गोष्टी गाडीत हव्यात. इन्शुरन्स कार्ड फोनवर असेल तरी एक कागदी प्रत ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. फोनची बॅटरी संपली म्हणून तिकीट घ्यायचं काहीच कारण नाही. भारतीय लायसन्सवर चालवत असाल तर मूळ लायसन्सबरोबर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट ठेवा. ते भारतातल्या आरटीओतूनच मिळतं, इथे आल्यावर नाही, आणि एक वर्ष चालतं. ते मूळ लायसन्सचं भाषांतर आहे. एकटं दाखवलं तर त्याला किंमत नाही.

लर्नर परमिटवर असाल तर परमिट देणाऱ्या राज्याबाहेर ते चालेल असं गृहीत धरू नका. ज्या राज्यात जायचंय तिथल्या डीएमव्हीच्या (लायसन्स आणि गाड्यांची नोंदणी बघणाऱ्या राज्याच्या खात्याच्या) साइटवर तपासा. घरात सोळा-सतराचा मुलगा किंवा मुलगी असेल तर वयाचा नियमही बघा. न्यूयॉर्कमध्ये सोळाच्या आत कुठल्याही राज्याच्या लायसन्सवर गाडी चालवता येत नाही, आणि अठराच्या आतल्या बाहेरच्या ड्रायव्हरलाही तिथल्या ज्युनियर लायसन्सचे निर्बंध पाळावे लागतात.

इन्शुरन्सची किमान रक्कम प्रत्येक राज्यात वेगळी असते. पण बहुतेक पॉलिसींत एक कलम असतं: गाडी दुसऱ्या राज्यात असताना अपघात झाला आणि तिथली किमान मर्यादा जास्त असली, तर कव्हर आपोआप तेवढं वाढतं. आपल्या पॉलिसीत ‘आउट-ऑफ-स्टेट कव्हरेज’ हे शब्द शोधा. सापडले नाहीत तर एजंटला फोन करा. एक चूक मात्र फार महागात पडते. गाडी महिनोन्महिने दुसऱ्या राज्यात ठेवायची आणि पॉलिसीवर पत्ता जुनाच राहू द्यायचा. हप्ता गाडी रात्री कुठे उभी असते त्यावर ठरतो, त्यामुळे क्लेम केला की कंपनी सगळ्यात आधी तेच विचारते.

हद्द ओलांडल्यावर: कुठे, काय बदलतं

सगळी पन्नास राज्यं पाठ करायची गरज नाही. बहुतेक तिकिटं मोजक्याच फरकांवरून फाटतात.

सगळ्यात महत्त्वाची स्कूल बस. लाल दिवे लागले आणि बसच्या बाजूचा ‘स्टॉप’ पाटीचा हात बाहेर आला की मागच्या गाड्यांनी थांबायचं, हे सगळीकडे सारखं. फरक आहे तो समोरून येणाऱ्यांसाठी. न्यू जर्सीत मध्ये दुभाजक असेल तर पलीकडच्या बाजूने ताशी १० मैलांच्या आत हळू जाता येतं. पेनसिल्व्हेनियातही मध्ये काँक्रीटचा कठडा किंवा गवताचा पट्टा असेल तर समोरच्यांना थांबावं लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये मात्र दुभाजक असो नसो, दोन्ही बाजूंनी थांबायचं, बसपासून किमान २० फूट. न्यू जर्सीत गाडी शिकलेला माणूस सवयीने दुभाजकापलीकडून पुढे जातो आणि न्यूयॉर्कमध्ये किमान २५० डॉलर दंडाच्या तिकिटाचा धनी होतो. अनेक बसच्या हातावर आता कॅमेरा असतो, तेव्हा आसपास पोलीस नव्हता याने काही फरक पडत नाही. इथे शंका आली की थांबाच. शाळेतून सुटलेलं मूल बसच्या पुढून धावत रस्ता ओलांडतं, सगळा नियम त्याच्यासाठी आहे.

लाल सिग्नलला उजवीकडे वळणं. बहुतेक ठिकाणी पूर्ण थांबून, पादचारी आणि आडव्या गाड्या बघून वळता येतं. न्यूयॉर्क शहरात हे उलटं आहे: पाटीने परवानगी दिली असेल तरच. न्यूयॉर्क राज्यात इतरत्र चालतं, शहराच्या पाचही बरोंमध्ये (विभागांमध्ये) चालत नाही. शहरात वेगमर्यादेची पाटी दिसत नसेल तर ताशी २५ मैल धरा. हा नियम नोव्हेंबर २०१४ पासून आहे. शाळांजवळचे स्पीड कॅमेरे ऑगस्ट २०२२ पासून रात्रंदिवस चालू असतात, रविवारी पहाटेसुद्धा. मॅनहॅटनमध्ये साठाव्या रस्त्याच्या दक्षिणेला गाडी नेली तर ५ जानेवारी २०२५ पासून गर्दीचा टोल लागतो: ई-झीपास (टोल आपोआप कापणारा गाडीतला पास) असलेल्या कारला गर्दीच्या वेळी दिवसातून एकदा ९ डॉलर, पास नसेल तर प्लेटवरून घरी येणारं बिल १३ डॉलर ५० सेंटचं.

फोन. न्यूयॉर्कने २००१ साली हातात फोन धरून बोलण्यावर राज्यभर बंदी घातली. असं करणारं ते पहिलं राज्य. आज न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, जॉर्जिया अशा अनेक राज्यांत ती आहे. टेक्सासात राज्यभर बंदी आहे ती मेसेज वाचण्या-लिहिण्यावर, पण तिथल्या कितीतरी शहरांनी स्वतःचे कडक नियम केलेत. लाल सिग्नलला उभे असताना नकाशा बघायला फोन उचलला तरी न्यूयॉर्कमध्ये तो गुन्हा ठरतो, कारण सिग्नलला थांबणं हा गाडी चालवण्याचाच भाग मानला जातो. सगळ्यात कडक नियम सगळीकडे पाळणं, हा एकच सोपा उपाय. फोन स्टँडला, पत्ता निघण्याआधी टाकलेला.

वेग. इथे व्हर्जिनियाचा वेगळा उल्लेख करायलाच हवा. तिथे मर्यादेपेक्षा ताशी २० मैल जास्त किंवा कुठल्याही रस्त्यावर ८५ च्या वर वेग गेला तर ते साधं ओव्हरस्पीडिंग राहत नाही. ते ‘रेकलेस ड्रायव्हिंग’ होतं, म्हणजे फौजदारी गुन्हा. शिक्षा १२ महिन्यांपर्यंत कैद आणि २,५०० डॉलरपर्यंत दंड. हिशोब नीट बघा: आय-९५ या महामार्गावर मर्यादा ७० असेल आणि तुम्ही ८६ ने जात असाल, तर मर्यादेपेक्षा १६ नेच पुढे आहात, तरीही गुन्हा. उलट टेक्सासातल्या एसएच-१३० या टोल रस्त्याच्या एका भागावर ८५ हीच मर्यादा आहे. टेक्सासातून आलेल्याला ८६ म्हणजे काहीच वाटत नाही, आणि व्हर्जिनियात त्याला कोर्टात उभं राहावं लागतं.

कडेला थांबलेली गाडी. पोलीस, अँब्युलन्स, टो-ट्रक दिवे लावून कडेला उभे असतील तर एक लेन सोडून बाजूला व्हा, ते शक्य नसेल तर वेग कमी करा. हा ‘मूव्ह ओव्हर’ कायदा पन्नासही राज्यांत आहे. न्यूयॉर्कने २७ मार्च २०२४ पासून तो कडेला थांबलेल्या कुठल्याही गाडीसाठी लागू केला, बंद पडलेल्या साध्या कारसाठीसुद्धा.

वायपर चालू तर हेडलाइट चालू: न्यूयॉर्क, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, कॅलिफोर्निया. दिवसा आपोआप लागणारे पुढचे दिवे यात धरले जात नाहीत, कारण त्यांच्याबरोबर बहुतेक गाड्यांचे मागचे दिवे लागत नाहीत आणि पावसात मागून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. नॉब हाताने फिरवा.

दारूची मर्यादा बहुतेक ठिकाणी रक्तात ०.०८ टक्के, युटात मात्र ०.०५. उघडलेली बाटली, मग ती वाइनची अर्धी उरलेली असो, प्रवाशांच्या जागेत ठेवू नका, डिकीत ठेवा. सीट बेल्ट न्यू हॅम्पशायरमध्ये मोठ्यांना सक्तीचा नाही, न्यूयॉर्कमध्ये १ नोव्हेंबर २०२० पासून मागच्या सीटवरच्यांनाही सक्तीचा आहे. मागे बसलेल्या आई-वडिलांना हे आधीच सांगा. भारतातून पाहुणे आले की इथेच विसर पडतो.

न्यू जर्सीत डावीकडे वळायला कित्येकदा उजवीकडून बाहेर पडावं लागतं. त्या वळणाला जगहँडल म्हणतात. डाव्या लेनमध्ये वाट बघत राहिलात तर वळण निघून जातं, आणि मग घाईत तीन लेन कापण्याचा मोह होतो. तो टाळा, पुढच्या वळणावरून परत या. तिथे पेट्रोल स्वतः भरायलाही मनाई आहे. पंपावर गाडीत बसून राहायचं. थंडीत निघताना छतावरचा बर्फ झाडून काढायचा. नाही काढला तर तिथे दंड आहे, आणि उडालेल्या बर्फाच्या लादीने कुणाला इजा झाली तर दंड कितीतरी मोठा.

सामान हलवताना: भाड्याचा ट्रक आणि पार्कवे

न्यूयॉर्क परिसरातल्या ‘पार्कवे’ नावाच्या रस्त्यांवर ट्रक, मालवाहू व्हॅन आणि ट्रेलरना बंदी आहे. हे रस्ते जुन्या काळी फक्त कारसाठी बांधलेले. वरून जाणारे दगडी पूल बुटके आहेत. घर बदलताना भाड्याने घेतलेल्या ट्रकला तुमचं साधं लायसन्स पुरतं, म्हणून तो कारच आहे असं वाटतं, आणि फोनचा नकाशाही कारचा रस्ता दाखवत थेट हचिन्सन रिव्हर पार्कवेवर नेऊन सोडतो. पुढे पुलाखाली ट्रकचं छत सोललं जातं. बॉस्टनच्या स्टॉरो ड्राइव्हवर दर सप्टेंबरला, विद्यार्थी घरं बदलतात तेव्हा, हेच होतं. ट्रकची उंची केबिनमध्ये लिहिलेली असते. ती मोबाइलवर नोंदवून ठेवा. ‘पॅसेंजर कार्स ओन्ली’ अशी पाटी दिसली की तो रस्ता धरू नका, नकाशा काहीही म्हणो. भाड्याच्या विम्यात छताचं नुकसान बहुतेकदा धरलेलं नसतं, हेही करार वाचताना बघा.

डोंगरात हिवाळा

कोलोरॅडोत आय-७० महामार्गावर डॉटसेरो ते मॉरिसन या टप्प्यात १ सप्टेंबर ते ३१ मे टायरचा नियम असतो. टायरच्या खाचा किमान ३/१६ इंच खोल हव्यात आणि गाडी ऑल-व्हील किंवा फोर-व्हील ड्राइव्ह हवी, नाहीतर टायर बर्फाचे किंवा ‘एम+एस’ (चिखल आणि बर्फ) खुणेचे हवेत, नाहीतर टायरला लावायच्या साखळ्या सोबत हव्यात. हा नियम भाड्याच्या गाडीलाही लागू आहे. विमानतळावर किल्ली घेण्याआधी टायरवरची खूण बघा आणि खाचांची खोली मोजायला सांगा. काउंटर सोडल्यावर जबाबदारी ड्रायव्हरची. कॅलिफोर्नियात सिएराच्या घाटांत ‘चेन कंट्रोल’ची (साखळ्या लावायला सांगणारी) पाटी लागते, तिथेही बाहेरच्या गाडीला सूट नाही.

पोलिसाने थांबवलं तर

इंडिकेटर देऊन उजवीकडे सुरक्षित जागी थांबा. इंजिन बंद, काच खाली, रात्र असेल तर आतला दिवा लावा, दोन्ही हात स्टिअरिंगवर. गाडीतून उतरू नका; आपल्याकडे उतरून बोलायला जाणं सभ्यपणाचं वाटतं, इथे त्यात धोका दिसतो. कागद मागितल्यावर ‘ग्लोव्ह बॉक्समध्ये आहेत, काढतो’ असं सांगून मग हात न्या. पैसे देऊ करण्याचा विचारही मनात आणू नका. दंड जागेवर भरायचा नसतो, आणि तसा प्रयत्न हा स्वतंत्र, फार गंभीर गुन्हा आहे. वाद रस्त्यावर घालू नका, त्याची जागा कोर्ट आहे.

तिकीट मिळालं: ‘मी तर दुसऱ्या राज्यातला’ म्हणून सोडून देऊ नका

कॅमेऱ्याचं तिकीट गाडीच्या मालकाला येतं. न्यूयॉर्कमध्ये स्पीड कॅमेऱ्याचा पहिला दंड ५० डॉलर, पॉइंट (लायसन्सच्या नोंदीत चुकांसाठी जमा होणारे गुण) नाहीत. ते भरून टाका. न भरलेल्या तिकिटांची थकबाकी ३५० डॉलरच्या वर गेली की न्यूयॉर्क शहर चाकाला क्लॅम्प लावू शकतं. भाड्याच्या गाडीवर तिकीट आलं तर कंपनी दंडावर आपली हाताळणी फीसुद्धा कापते.

पोलिसाने दिलेलं तिकीट वेगळं. त्याची नोंद ड्रायव्हरवर होते, आणि ती घरी पोचते. ड्रायव्हर लायसन्स कॉम्पॅक्ट या करारात ४५ राज्यं आणि डीसी आहेत. जॉर्जिया, मॅसॅच्युसेट्स, मिशिगन, टेनेसी आणि विस्कॉन्सिन त्यात नाहीत. दुसरा करार तिकिटाकडे दुर्लक्ष करणाऱ्यांसाठी आहे: तुम्ही उत्तर दिलं नाही तर ते राज्य घरच्या राज्याला कळवतं आणि घरचं राज्य तुमचं लायसन्स निलंबित करतं. लोकांना हे कळतं ते बहुधा वर्षभराने, लायसन्सचं नूतनीकरण करताना, किंवा पुढच्या वेळी पोलिसाने थांबवल्यावर. तेव्हा गुन्हा निलंबित लायसन्सवर गाडी चालवल्याचा असतो.

घरच्या राज्यात परिणाम काय होईल हे घरच्या राज्यावर ठरतं. न्यू जर्सी दुसऱ्या राज्यातल्या चालवण्याच्या चुकीला २ पॉइंट देतं. न्यूयॉर्क बाहेरच्या राज्यांतली साधी तिकिटं सहसा नोंदवत नाही. पण न्यूयॉर्कमध्ये पकडलेल्या बाहेरच्या ड्रायव्हरलाही एक वेगळी वसुली लागू होते: १८ महिन्यांत ६ पॉइंट झाले की दंडाशिवाय तीन वर्षं दरवर्षी १०० डॉलर, आणि सहाच्या वरच्या प्रत्येक पॉइंटला वर्षाला आणखी २५. ही रक्कम भरली नाही तर त्या राज्यात गाडी चालवण्याची मुभा जाते.

तिकीट हातात आल्यावर हा क्रम ठेवा. त्यावरची मुदत आणि कोर्टाचं नाव वाचा. न्यूयॉर्क शहरात ते ट्रॅफिक व्हायोलेशन्स ब्युरो असतं, १५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं आणि तिथे तडजोड होत नाही. राज्यातल्या इतर गावांच्या कोर्टांत सरकारी वकिलाशी बोलून आरोप कमी करून घेता येतो. मग ठरवा. दंड भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, म्हणून पॉइंट किती ते कळल्याशिवाय पैसे भरू नका. तिकिटावर ‘मिसडिमिनर’ (कमी गंभीर फौजदारी गुन्हा) लिहिलं असेल किंवा कोर्टात हजर राहणं सक्तीचं असेल, तर त्याच काउंटीतला (जिल्ह्यातला) वकील गाठा. अनेक प्रकरणांत तुमच्या वतीने तो उभा राहू शकतो आणि दूरचा प्रवास वाचतो.

व्हिसावर असलेल्यांनी इथे जास्त जपायला हवं. साधं तिकीट म्हणजे अटक नव्हे. पण व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये अटक किंवा शिक्षा झाली आहे का, हा प्रश्न असतो, आणि दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली, खटल्याचा निकाल लागायचा असला, तरी परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं. अशा प्रकरणात कबुली देण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. वाहतुकीच्या वकिलाला चांगली वाटणारी तडजोड व्हिसासाठी वाईट असू शकते.

पाहुणे कधीपर्यंत?

घर भाड्याने घेतलं, नोकरी सुरू झाली, की तुम्ही पाहुणे राहत नाही आणि जुनं लायसन्स-प्लेट ठरावीक दिवसच चालते. कॅलिफोर्निया फार घाईचं: लायसन्सला १० दिवस, गाडीच्या नोंदणीला २०. न्यूयॉर्क दोन्हीला ३० दिवस देतं, न्यू जर्सी ६०. टेक्सासात गाडीला ३० आणि लायसन्सला ९०. पेनसिल्व्हेनियात गाडीला २० आणि लायसन्सला ६०. फ्लोरिडात गाडीला १० आणि लायसन्सला ३०. शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांना काही राज्यं रहिवासी धरत नाहीत; आपल्या राज्याच्या डीएमव्हीकडून ते पक्कं करा.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी नव्या राज्याचा इन्शुरन्स, मग नोंदणी आणि नव्या प्लेट, आणि त्यानंतर जुन्या पॉलिसीचा शेवट. जुनी पॉलिसी आधी बंद केली आणि जुनी प्लेट चालूच राहिली, तर जुनं राज्य विम्यात खंड पडला म्हणून दंड लावतं. न्यूयॉर्कच्या प्लेट तर पॉलिसी बंद करण्याआधी परत कराव्या लागतात. आणि तुम्ही अमेरिकेचे नागरिक नसाल तर डीएमव्हीला कळवलेला पत्ता पुरत नाही: घर बदलल्यापासून १० दिवसांत इमिग्रेशन खात्याचा पत्ताबदलाचा एआर-११ फॉर्म वेगळा भरा, तो ऑनलाइन भरता येतो आणि त्याला फी नाही.